गोंदा कुंभाराची भूक

फार फार पूर्वी, नद्यांना नावं होती पण त्यांच्यावर पूल नव्हते, त्या काळातली ही गोष्ट. एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गाव लहान, पण मन मोठं. इतकं मोठं की त्या मनाखाली एखादा माणूस चेंगरून जावा. हसू नका, मुलांनो, आणि मुलांच्या आजोबांनो तुम्हीही हसू नका. तसं एकदा अगदी होता होता राहिलं, तेच आज सांगायचं आहे.

या गावाची एक रीत होती. कुणी आजारी पडलं की घराघरातून त्याच्यासाठी ताट यायचं. त्याला म्हणत मायेचं ताट. ज्या घरात जे उत्तम असेल ते त्यात वाढलेलं असायचं. तुपातला शिरा, पुरणपोळी, डिंकाचे लाडू, तळलेल्या पुऱ्या, सायीचं दही. आजारी माणसानं ते संपवायचं. मग ताट घासून, त्यावर एक फूल ठेवून, ज्याचं त्याच्या घरी परत करायचं. ताटात अन्न उरलं तर ते घर रुसायचं, आणि या गावातलं रुसणं दोन-दोन पिढ्या चालायचं.

रीत काही उगाच पडली नव्हती. कुणाच्या तरी पणज्याच्या काळात तिथे मोठा दुष्काळ पडला होता. गावाच्या कडेला एक म्हातारी तापानं अंथरुणाला खिळली. या घराला वाटलं, त्या घरानं तिला वाढलं असेल. त्या घराला वाटलं, या घरानं. म्हातारी उपाशीच गेली. गाव शरमेनं खाली पाहू लागलं. मग सगळ्यांनी ग्रामदेवतेच्या पायांवर हात ठेवून शपथ घेतली, की यापुढे आपल्या गावात आजारी माणूस उपाशी राहणार नाही. शपथ चांगलीच होती. फक्त आजारी माणसाला भूक आहे का, हे आधी विचारायचं, असं त्या शपथेत कुणी घातलं नव्हतं.

तर या गावात गोंदा नावाचा कुंभार राहत होता. त्याची बायको भिवरा. गोंदा चाकावर मडकी घडवायचा आणि भिवरा आवा लावायची, म्हणजे मडकी भाजायची भट्टी. तिच्या आव्यातलं मडकं बोटानं वाजवलं की देवळातल्या घंटेसारखा आवाज येई. दोघांचं एक गाढव होतं. माती वाहून वाहून त्याची पाठ चपटी झाली होती, पण त्याचं नाव त्यांनी मोठ्या थाटात ठेवलं होतं सरदार.

एकदा गोंदा तळ्यावर माती काढायला गेला, तो दुपारीच कुडकुडत परत आला. अंगात ताप. डोळे लाल. भिवरानं अंथरूण घातलं आणि त्याच्यावर वाकळ घातली. तोवर बातमी गावभर पोचलीसुद्धा.

सगळ्यांत आधी आल्या पाटलीणबाई. या बाईंबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. गावात कुणाच्याही घरी दुखणं आलं की पहिलं ताट त्यांचंच. नुसतं ताट देऊन त्या जात नसत. आजाऱ्याच्या उशाशी बसत, आणि आपल्या हातानं भरवत.

"गोंदा, लेका, तोंड उघड बरं. एक घास माझ्या नावाचा."

गोंदानं तोंड उघडलं. पाटलीणबाईंना नाही म्हणायची त्याची काय बिशाद!

"आता एक तुझ्या पाटलांच्या नावाचा. आणि हा एक ग्रामदेवतेचा. देवीला नाही म्हणतोस का रे?"

देवीचा झाला, देवीच्या बहिणीचा झाला, आणि शेवटी पाटलीणबाईंच्या म्हशीच्या नावाचाही एक झाला. त्यांच्यामागून सोनारणीचं ताट आलं, मग गुरवाचं, मग तेल्याचं. गोंदा खात होता. घाम पुसत होता आणि खात होता. गाव कौतुकानं बघत होतं.

अशानं ताप कसा उतरणार? तो चढतच गेला. गोंदाला उलट्या होऊ लागल्या. जिभेवर पांढरा थर चढला. पोट ताठरलं. तो भिंतीकडे तोंड करून कण्हत पडू लागला, आणि ताट आलं की त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. लोकांना वाटायचं, गावाची माया पाहून गहिवरलाय.

भिवराला मात्र राहवेना. ती ओढा ओलांडून पलीकडच्या वाडीत गेली आणि तिथल्या वैद्यबुवांना घेऊन आली. वैद्यबुवा म्हातारे होते, बोलायला कमी. त्यांनी गोंदाची नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"भूक लागते का रे?"

गोंदानं डोळे उघडले. इतक्या दिवसांत हे त्याला कुणीच विचारलं नव्हतं.

"शेवटची कधी लागली होती, तेच आठवत नाही, बुवा."

वैद्यबुवांनी भिवराला बाहेर बोलावलं. "पोरी, माणसाच्या पोटात एक अग्नी असतो. खाल्लेलं त्याच्यावर शिजतं, तेव्हा त्याचं रक्त होतं, बळ होतं. ताप आला की तो अग्नी पोट सोडून अंगभर पसरतो. अंग तापतं आणि आतली चूल विझत येते. अशा वेळी वरून जे टाकाल ते कच्चंच राहतं. तिथेच साचतं, आंबतं, आणि तापाला पोसतं. तू आवा लावतेस ना? ठिणगीनं नीट पेट घेतला नाही, तोवर वर ओंडके टाकतेस का?"

"नाही, बुवा. आधी पाचोळा, मग काटक्या. एकदम ओंडका टाकला तर नुसता धूर होतो, आणि आहे तेही विझतं."

"मग तुला सांगायला नको. ह्याला आता लंघन दे. सुंठ घालून उकळलेलं कोमट पाणी, बस. भूक लागली असं हा स्वतःच्या तोंडानं म्हणेल, तेव्हा साळीच्या लाह्यांची पातळ पेज. ती पचली की मुगाचं कढण. त्याआधी कणभरही नको." ते जरा थांबले. "आणि आत्ता चाललंय तसंच चालू राहिलं, तर हा तुझ्या हाती राहणार नाही. मी पुढच्या गावांना जाऊन येतो. तोवर सांभाळ."

वैद्यबुवा गेले. भिवरा दारात उभी राहिली.  नवऱ्याला वाचवायचं तर गावाची ताटं परत करायची. गावाची ताटं परत करायची तर या गावात राहायचं कसं, मडकी घेणार कोण, आणि सणावाराला दार उघडणार कोण?

तरी तिनं हिंमत केली. संध्याकाळी पाटलीणबाई आल्या, तेव्हा ती उंबऱ्यातच त्यांना म्हणाली, "बाई, वैद्यबुवांनी ह्यांना लंघन सांगितलंय. आज ताट नको."

पाटलीणबाईंनी ताट छातीशी धरलं.

"लंघन? म्हणजे उपाशी ठेवायचं? आपल्या गावात?" त्यांचा आवाज चढला, आणि लगेच भरूनही आला. "भिवरे, माझा लेक तापानंच गेला, तुला ठाऊक आहे. एवढंसं पोर माझं. पण भरल्या पोटी गेला गं! माझ्या हातचा लाडू खाऊन गेला. तेवढंच माझं समाधान आहे. मी असताना कुणाचं लेकरू उपाशी जाणार नाही. सर बाजूला."

  एका आईच्या एवढ्याशा समाधानाला हात लावायची भिवराची छाती झाली नाही.

"द्या बाई ताट," ती म्हणाली. "आत त्यांचा आत्ताच डोळा लागलाय. उठले की मीच भरवते."

पाटलीणबाई गेल्या. भिवरा ताट घेऊन परसात आली. आता हे टाकायचं कुठे? अन्न उकिरड्यावर टाकणं म्हणजे तिच्या दृष्टीनं घोर पाप. तेवढ्यात तिच्या खांद्याला काहीतरी मऊ आणि ओलं लागलं. ते सरदारचं नाक होतं.

सरदारनं शिरा हुंगला. जन्मभर काटेरी गवत खाल्लेला तो जीव, त्याला तुपाचा वास म्हणजे काय सांगावं! क्षणात ताट लख्ख झालं. भिवरानं ते घासलं, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि नेऊन दिलं.

असं रोज होऊ लागलं. ताटं यायची, परसात जायची, फूल घेऊन परत जायची. गावात आनंदीआनंद. "गोंदा कसा चाटूनपुसून खातोय बघा!" म्हणून बायकांना हुरूप आला. ताटं आणखी मोठी झाली. कुणी पुरणपोळीवर दूध ओतलं, कुणी लाडवात बदाम घातले. सरदारची पाठ चपटी होती ती गोल व्हायला लागली.

इकडे गोंदाच्या उलट्या थांबल्या. ताप उतरला नाही, पण चढायचाही थांबला. तो सुंठीचं पाणी घोटघोट प्यायचा आणि झोपायचा. मात्र अंगावरचं मांस उतरलं होतं. गाल आत गेले होते. भिवरा रोज त्याच्याकडे बघायची आणि तिचा जीव तुटायचा. एका संध्याकाळी तिलाच धीर धरवेना. वैद्य काय, सांगून गेले. ह्यांना काही झालं तर? तिनं ताटातला लाडू उचलला, एक लहानसा तुकडा केला आणि नवऱ्याच्या ओठांशी नेला.

गोंदानं डोळे न उघडताच तोंड फिरवलं.

भिवराचा हात तसाच राहिला. मग तिनं तो तुकडा ताटात ठेवला आणि पदरात तोंड खुपसून रडली. माया करणं सोपं असतं हो. हात आवरून बसणं फार जड जातं.

आणि मग व्हायचं ते झालं. एके सकाळी सरदार अंगणात आडवा पडला. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. पाय झाडत होता, लोळत होता, आणि त्याला बोलता आलं असतं तर त्यानं साऱ्या गावाला खरं खरं सुनावलं असतं. पण सुनावायची गरजच नव्हती. त्याच्या तोंडाला पुरण लागलेलं होतं आणि मिशांवर तूप चकाकत होतं.

नेमक्या त्याच वेळी पाटलीणबाई ताट घेऊन आल्या, आणि त्यांच्यामागे सोनारीण, गुरवीण, तेलीण.

आधी कुणाला काही कळेना. मग कळलं, आणि एकच गिल्ला झाला.

"अगं बया! आमचं ताट गाढवाला?"

"पहाटे उठून मी पुरण वाटलं, ते ह्याच्यासाठी?"

"गावाच्या मायेला गाढवापुढे घातलं हिनं! हिच्या घरचं पाणी कुणी पिऊ नका!"

 पाटलीणबाईंचा चेहरा रागानं लाल झाला होता. पण मनानं बाई वाईट नव्हत्या. जनावर पायाशी तडफडत असताना त्यांना आधी भांडवेना. त्यांनी ताट ओट्यावर ठेवलं, कुंपणाजवळचं कोवळं गवत उपटलं आणि सरदारच्या तोंडाशी धरलं. "खा रे बाबा. ओलं गवत आहे, बरं वाटेल."

सरदारनं तोंड फिरवलं. त्यांनी गुळाचा खडा पुढे केला. त्यानं पुन्हा मान वळवली.

भिवरा पुढे आली.  आता नाही बोललं तर कधीच बोलता येणार नाही, आणि नवरा जाईल, हे तिला कळत होतं.

"बाई, मी गुन्हेगार आहे. तुमचं अन्न मी ह्याला घातलं. मला काय शिक्षा करायची ती करा. पण आधी एक सांगा. तुमच्या गोठ्यात गाय दुखण्यानं बसली, तर तुम्ही काय करता?"

"काय करणार?" पाटलीणबाई तिरसटपणे म्हणाल्या. "वैरण पुढून काढून घेते. पाणी ठेवते."

"चारत का नाही?"

"आजारी जनावर खात असतं का कधी? पोट बिघडलं की ते आपणहून तोंड मिटतं. बळंच चारलं तर मरेल ते. त्याला कळतं कधी खायचं ते, बरं वाटलं की आपलं आपण…"

बाई बोलता बोलता थांबल्या. 

"ह्यांनी पण तोंड फिरवलं, बाई," भिवरा हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही सगळ्या मायेनं भरवत होता, आणि हे मायेपोटी गिळत होते. वैद्यबुवा म्हणाले, असंच चाललं तर हे राहायचे नाहीत. मला तुमचं मन मोडवेना, आणि नवराही घालवायचा नव्हता. म्हणून हे असं केलं. सरदार धडधाकट होता, तरी त्याची ही गत झाली. अंगात ताप असलेल्या माणसाचं काय झालं असतं?"

पाटलीणबाईंनी सरदारकडे पाहिलं. हातातलं गवत गळून पडलं. मग त्या एकदम खाली बसल्या, तिथेच, मातीत.

"माझ्या लेकरानंही तोंड फिरवलं होतं," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, आईच्या नावाचा एक घास. तेव्हा त्यानं उघडलं गं. माझ्यासाठी उघडलं."

बायकांचा सगळा राग ओसरून गेला. सोनारणीनं डोळ्याला पदर लावला. भिवरा पाटलीणबाईंजवळ बसली आणि तिनं त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. 

वैद्यबुवा परत आले ते अशा वेळी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पाटलीणबाईंनी मान वर न करता विचारलं, "बुवा, खरं सांगा. माझा लाडूच का त्याला घेऊन गेला?"

वैद्यबुवा त्यांच्यासमोर बसले. मग म्हणाले, "माई, त्या वेळी मी तिथे नव्हतो. जिथे नव्हतो तिथलं मी सांगणार नाही. काही ताप असे असतात, की ते कशानंच उतरत नाहीत. एवढं मात्र सांगतो, त्या पोरानं तोंड उघडलं ते तुमच्यावर जीव होता म्हणून. तो जीव खोटा नव्हता. आता आत एक माणूस आहे, त्याच्यासाठी तुम्ही काय करता ते बघा."

पाटलीणबाई उठल्या. त्यांनी ओट्यावरचं ताट तेलणीच्या हाती दिलं आणि म्हणाल्या, "घरी ने, तुमच्या पोरांना वाढ." मग हात-पाय धुऊन त्या आत गेल्या आणि गोंदाच्या उशाशी बसल्या. पहिल्यांदाच रिकाम्या हातांनी. हातांचं काय करावं ते त्यांना कळेना, म्हणून त्या गोंदाच्या कपाळावरची ओली पट्टी बदलू लागल्या.

बाकीच्या बायकांनाही घरी जाववेना. देण्याची सवय अशी एका दिवसात सुटते का? मग सोनारणीनं अंगण झाडलं. गुरवीण पाणी भरून आली. तेलणीच्या नवऱ्यानं तळ्यावर राहिलेली माती आपल्या बैलावरून आणून टाकली. सरदारला हळूहळू चालवत फिरवलं, त्याच्यापुढे फक्त पाणी ठेवलं, आणि त्याचं पोट उतरलं. त्यानं पहिलं गवत तोडलं तेव्हा सगळ्या बायका त्याच्याभोवती उभ्या राहून बघत होत्या.

आता सगळं गाव एकाच गोष्टीची वाट बघत होतं. येणारा-जाणारा दारातून विचारायचा, "लागली का?" भिवरा मान हलवायची. गोंदाचा ताप रोज थोडा थोडा उतरत होता. जिभेवरचा थर गेला. अंगाला घाम सुटून ते हलकं झालं. पण तो मागत काही नव्हता, आणि कुणी द्यायचंही नव्हतं. पाटलीणबाईंना ते बघणं किती जड जात होतं, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

आणि मग एका सकाळी, चाकाशेजारी पडलेल्या उन्हाकडे बघत गोंदा म्हणाला, "भिवरे, भूक लागली गं."

भिवरा चुलीकडे धावली. लाह्यांची पेज तयार होतीच, रोज करून ठेवायची ती. पण वाटी हातात घेतल्यावर ती थबकली. तिनं पाटलीणबाईंकडे पाहिलं आणि वाटी त्यांच्यापुढे धरली.

"बाई, तुम्ही भरवा."

 पाटलीणबाईंनी पळीनं पेज घेतली, फुंकर घातली, आणि या वेळी कुणाच्याही नावाचा घास न म्हणता नुसती त्याच्या ओठांशी नेली. गोंदानं तोंड उघडलं. स्वतःहून उघडलं. एक पळी गेली, मग दुसरी, मग आणखी काही. त्याच्या डोळ्यांत तेज आलं. वाटीत अजून निम्मी पेज होती.

"पुरे," गोंदा म्हणाला.

पाटलीणबाईंनी जन्मभर 'पुरे' ऐकलं की आणखी एक वाढलं होतं. त्यांनी वाटीकडे पाहिलं. गोंदाकडे पाहिलं. मग त्यांनी वाटी खाली ठेवली, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

गोंदा पुढे खडखडीत बरा झाला आणि म्हातारपणापर्यंत त्यानं चाक फिरवलं. गावाची रीत मोडली नाही, पण बदलली. कुणी आजारी पडलं की आजही तिथे पहिल्यांदा पाटलांच्या घरचंच माणूस जातं. ते ताट नेत नाही. ते उशाशी बसतं, कपाळावर हात ठेवतं आणि विचारतं, "भूक आहे का?" 'नाही' म्हटलं तर कुणी रुसत नाही.

तात्पर्य : आजाऱ्याला काय आणि किती वाढायचं हे वाढणाऱ्याच्या मायेनं नव्हे, तर आजाऱ्याच्या भुकेनं ठरवावं.